बर्फखान्यातला श्वास

हर्णैत श्वास दिसत नाही.
इथली हवाच अशी ओली, खारट, कोमट
की आतली कुठली, बाहेरची कुठली
नाकालाही सांगता येत नाही.
म्हणून आमच्या बौद्धवाडीच्या विहारात
गमरे बौद्धाचार्य पौर्णिमेला म्हणाले,
येणारा श्वास बघा, जाणारा श्वास बघा,
तेव्हा मी डोळे मिटून
एक डास ऐकत बसलो होतो.

पण माझी ड्युटी बर्फाच्या कारखान्यात.
रात्री अकरा ते सकाळी सात.
अमोनियाचा दर्प, कॉम्प्रेसरची धडधड,
मिठाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले
दोनशे चाळीस डबे,
आणि जाड दारामागची ती खोली
जिथे लाद्या रचून ठेवतात.
तिथे शिरलं की तोंडासमोर
एक पांढरा ढग उमटतो.
माझा.

त्रेचाळीस वर्षं ये-जा करत होता,
ओळख झाली नव्हती.

आता भावाचं सांगतो.
रेवत नालासोपाऱ्याला असतो.
मंगळवारी त्याचा व्हॉइस मेसेज आला,
चार मिनिटं बावीस सेकंद:
घरामागची काजू, तो एक फणस,
वडलांच्या आजारपणात कुणी किती घातले,
आणि शेवटी, तू कसला रे बौद्ध.
मी तो अकरा वेळा ऐकला.
तो बोलला एकदाच.
उरलेले दहा वेळा
मीच मला बोलून घेतलं.

उत्तर लिहून तयार होतं. तीन दिवस.
धार लावून ठेवलेलं.
मुलीने फोनमध्ये एक ॲप घालून दिलंय,
त्यात घंटा वाजते, एक बाई कुजबुजते,
सोडून द्या, सोडून द्या,
आणि मध्येच कर्जाची जाहिरात येते.

लादी डब्यातून सुटते तेव्हा नीट बघावी.
कडा आरसपानी, पलीकडची बोटं मोजता येतात.
मधोमध मात्र उभी पांढरी रेघ:
पाणी चहूकडून गोठत आलं,
हवेला पळायला वाट राहिली नाही.
नवा होतो तेव्हा मी ती टोच्याने काढायला गेलो,
लादीचे दोन तुकडे.
इक्बालभाई म्हणाले, राहू दे रे उपाली,
वितळेल तेव्हा जाईल तीपण.
इक्बालभाई आमचे मेकॅनिक, पाच वेळचे नमाजी.
त्यांना काही शिकवायचं नव्हतं,
क्रशर अडला होता, घाई होती.

शुक्रवारी पहाटे साडेतीनला
त्या खोलीत उभं राहून फोन काढला.
पाठवणार होतो, खरंच.
स्क्रीनवर श्वास बसला, अक्षरं बुजली.
बाहीने पुसली. परत बसला.
परत पुसली.
तिसऱ्यांदा मी पुसलं नाही,
बघत राहिलो
कडेकडेने तो कसा निघून जातो,
आणि खालून एकेक शब्द वर येतो,
माझाच, आणि तरी
कुणा दुसऱ्याच माणसाने रागात लिहिलेला.
"बाबा गेले तेव्हा तू" इथून पुढचं सगळं खोडलं.
मग बाबाही खोडले.
लिहिलं: काजू तू घे.
फणसाचं मे महिन्यात बसून बोलू.

हो, फणस अजून सुटलेला नाही.
त्याचा चीक असा सहज जात नाही,
हाताला आधी तेल लावावं लागतं.
शांती वगैरे मिळाली असंही नाही;
दोन निळ्या खुणा आल्या,
उत्तर आलं नाही,
आणि मी तासाभरात चौदा वेळा फोन बघितला.
मोजले, एवढंच नवीन.

सातला दार ओढून बाहेर आलो.
उजाडलं होतं, श्वास परत दिसेनासा झालेला.
वाळूवर पावशांची मथुरा
सुरमईच्या टपापाशी उकिडवी बसलेली,
टपाखालून एक बारीक ओघळ
वाकडा तिकडा समुद्राकडे निघालेला.

बरफ दे रे दोन घमेली, ती म्हणाली.
रात्रीच तर दिला होता, कुठं गेला?
गेला.
बरं, मग दे.